खोपोलीची वीज आणि गाण्यातली गुणगुण

शिळफाटा म्हटला की ठाणे-कल्याणकडच्या मंडळींच्या डोळ्यांपुढे मुंब्र्याच्या पलीकडचा चौक उभा राहतो. आपल्याला आज तिकडे जायचे नाही. आपला शिळफाटा खोपोलीचा, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरचा, बोरघाटाच्या पायथ्याचा. या फाट्यावर तुमचे दोन खोल्यांचे घर आहे असे घटकाभर धरून चाला. घरात आजी आहेत. आजींचे माहेर घाटावरचे, मावळातले. लहानपणी पहाटे जात्यावर बसून म्हटलेल्या ओव्या त्यांना अजून पाठ आहेत. पण म्हणा म्हटले की "आता कुठला गळा राहिलाय" म्हणून टाळतात. बऱ्याच मिनतवाऱ्यांनंतर एका दुपारी त्या तयार झाल्या. तुम्ही टेबलावरचा कॉम्प्युटर चालू केला, माइक जोडला आणि चांगल्या अर्ध्या तासाच्या ओव्या मुद्रित करून घेतल्या. रात्री हेडफोन लावून ऐकायला बसलात, तो काय! आजींच्या आवाजाखाली कुणीतरी सारखे 'हंऽऽ' करीत बसले आहे. ओवी थांबली तरी ते थांबत नाही. आजींनी श्वास घेतला की ते अधिकच पुढे येते.

अशा वेळी बहुतेक घरांत एकच गोष्ट होते. माइकला शिव्या बसतात आणि दुसऱ्या दिवशी नवा, अधिक महाग माइक घरात येतो. त्या नव्या माइकमधूनही तेच 'हंऽऽ' ऐकू येते, बऱ्याचदा जरा जास्तच स्पष्ट. म्हणून पैसे खर्च करण्याआधी हा आवाज कुणाचा, तो तुमच्या घरात कधी आणि कुठल्या वाटेने शिरला, हे पाहिलेले बरे. त्याचे घराणे मोठे आहे आणि, गंमत अशी की, त्यातली एक शाखा अगदी तुमच्या शेजारची आहे.

प्रथम त्याचा सूर ओळखू. आपल्या देशातली घरोघरची वीज एका दिशेने वाहत नाही. ती सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे आंदोलने घेते. प्रत्येक आंदोलनात तिला दोन शिखरे येतात, एक या बाजूचे आणि एक त्या बाजूचे. म्हणून चार्जर, ट्यूबलाइटचा चोक, ट्रान्सफॉर्मर यांच्यातून जी गुणगुण निघते तिच्यात ५० बरोबर १०० आंदोलनांचा सूरही असतो, आणि पुष्कळदा तोच ठळक असतो. पेटीच्या भाषेत सांगायचे तर पांढरी पाचचा खालचा सूर सेकंदाला ९८ आंदोलनांचा. म्हणजे विजेची गुणगुण ही पांढरी पाचच्या किंचित वर लागलेली आहे. आता काळी चारमध्ये गाणाऱ्या बाईंचा तंबोरा घ्या. त्याचा खर्ज सुमारे १०४ आंदोलनांचा. १०४ आणि १०० एकत्र वाजले की सेकंदाला चार या वेगाने आवाज फुगतो आणि ओसरतो. तंबोरा उत्तम लावलेला असूनही ध्वनिमुद्रणात तो हेलकावतो आहे असे वाटते. गाणाऱ्या बाई खुंट्या पिळून पिळून थकतात, आणि बिचाऱ्या तंबोऱ्याचा त्यात काडीचाही दोष नसतो.

तर हा १०० आंदोलनांचा सूर आला कुठून? शिळफाट्यावरून घाटाकडे मान वर करून पाहा. डोंगरावरून मोठे नळ उतरलेले दिसतात. खंडाळ्या-लोणावळ्याच्या माथ्यावर पडणारा धो धो पाऊस वळवण, लोणावळा, शिरवटा या तलावांत अडवायचा, तो नळांवाटे पाचशे मीटरहून अधिक खाली खोपोलीला सोडायचा आणि त्या धारेवर चक्रे फिरवायची, अशी ही योजना. तिचे स्वप्न पाहणारे जमशेटजी टाटा १९०४ साली वारले. कंपनी स्थापन झाली १९१० साली आणि खोपोलीची वीज मुंबईच्या कापडगिरण्यांकडे निघाली १९१५ साली. सुमारे सत्तर किलोमीटरचा तो पल्ला, एक लाख व्होल्टच्या दाबाने. त्या काळच्या हिंदुस्थानात ही फार मोठी मजल होती. चक्रांवरून सुटलेले पाणी पुढे पाताळगंगेला मिळाले. त्यानंतर कर्जत तालुक्यात भिवपुरी आली १९२२ साली आणि दक्षिणेला भिरा १९२७ साली. भिऱ्याच्या पाण्यासाठी मुळशीचे खोरे बुडायचे होते, आणि त्यावरून १९२१ साली सेनापती बापटांच्या पुढारीपणाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. धरण झालेच. मुळशीचे नाव पुढे पुन्हा निघणार आहे, म्हणून ते इथे ध्यानात ठेवा.

आज तुमच्या भिंतीतली वीज एकट्या खोपोलीची नसते. ३१ डिसेंबर २०१३ रोजी दक्षिणेकडचे जाळे उरलेल्या देशाच्या जाळ्याला जोडले गेले आणि काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतची सगळी जनित्रे एका तालात फिरू लागली. तुमच्या घरातली गुणगुण आणि मदुराईच्या एखाद्या घरातली गुणगुण या क्षणी बरोबर एकाच सुरात आहेत! हा सूर अगदी स्थिर नसतो. मागणी वाढली की कणभर उतरतो, कमी झाली की कणभर चढतो. या चढउताराची नोंद ठेवली तर एखाद्या ध्वनिमुद्रणातली गुणगुण त्या नोंदीशी ताडून ते कोणत्या दिवशी, किती वाजता झाले हे सांगता येते. लंडनच्या पोलिसांच्या प्रयोगशाळेने या युक्तीने ध्वनिमुद्रणांची सत्यता तपासलेली आहे. आपल्याला मात्र आजींच्या ओव्या पोलिसात द्यायच्या नाहीत, त्या ऐकायच्या आहेत.

एक काळ असा होता की ध्वनिमुद्रणात ही गुणगुण औषधालाही नव्हती. १९०२ च्या नोव्हेंबरात लंडनच्या ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायसबर्ग कलकत्त्यात आला, एका हॉटेलच्या खोलीत त्याने यंत्र मांडले आणि गौहरजानचे गाणे मेणाच्या तबकडीवर कोरले. त्या यंत्रात वीज अशी नव्हतीच. तबकडी फिरायची ती खाली उतरणाऱ्या वजनाच्या ओढीने, आणि गाणारा तोंड घालायचा तो एका पत्र्याच्या कर्ण्यात. आवाजाच्या जोरानेच सुई हलायची. म्हणून जो आवाज जोरकस तो उमटायचा, आणि जो नाजूक किंवा फार खालचा किंवा फार वरचा तो वाऱ्यावर जायचा. तंबोऱ्याचा खर्ज जवळजवळ नाहीसाच. पेटी मात्र खणखणीत. आणि तार षड्ज जोरात लागला तर सुई उडे, म्हणून ध्वनिमुद्रक गाणाऱ्याला खांद्याला धरून कर्ण्यापासून मागे ओढी. हे ऐकून हसू नका. तुमच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर आवाजाची रेघ वर लाल रंगाला टेकते आणि स्वर फाटल्यासारखा येतो, तेव्हा उपाय हाच असतो: माणूस मागे घ्या, नाहीतर माइकची मात्रा कमी करा. आधुनिक यंत्रात तर फाटलेला स्वर पुन्हा शिवताच येत नाही. कारण ठराविक उंचीच्या वरचे सगळे आकडे सपाट कापले जातात आणि कापलेले कुठे साठवलेले नसते. आजींची सर्वांत मोठी हाक शिखराच्या पुष्कळ खाली, साधारण उणे बारा डेसिबलवर, राहील अशी मात्रा ठेवा. आवाज लहान वाटला तर तो नंतर वाढवता येतो.

त्या कर्ण्याच्या काळात किती गाणे हातातून निसटले याचा हिशेब करू लागले की मन विषण्ण होते. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले. 'स्वयंवरा'तल्या चालींवरून आणि शिष्यांच्या गाण्यावरून आपण त्यांचा अंदाज बांधायचा. बुवांची तबकडी लावून ऐकावी असे भाग्य आपल्या वाट्याला नाही. अब्दुल करीम खाँसाहेबांचे नशीब, म्हणजे खरे तर आपले नशीब, जरा बरे. त्यांच्या तबकड्या १९०५ च्या सुमाराच्या, म्हणजे कर्ण्याच्या, आहेत आणि १९३० नंतरच्या, म्हणजे विद्युत-ध्वनिमुद्रणाच्याही आहेत. दोन्ही एकामागून एक लावून पाहा. पहिल्या तबकडीत भिंतीपलीकडून कुणीतरी गाते आहे असे वाटते. दुसऱ्या तबकडीत खाँसाहेब खोलीत बसलेले आहेत.

हा फरक केला विजेने. १९२५ साली कर्णा गेला आणि माइक आला. दोनच वर्षांनी, २३ जुलै १९२७ रोजी, मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले. विजेने नाजूक सूर पकडले, तंबोरा पुन्हा ऐकू येऊ लागला. पण येताना तिने आपला सूरही बरोबर आणला. ऐकण्याच्या यंत्रातही ती शिरली. चावीच्या ग्रामोफोनच्या जागी विजेची मोटर आली. आता 'मिनिटाला ७८ फेरे' हा आकडा तुम्ही ऐकलेला असेल. तो नेमका ७८ नव्हता. जिथे वीज ६० आंदोलनांची, त्या अमेरिकेत मोटर आणि दातेरी चाके यांचा मेळ ७८.२६ फेऱ्यांवर बसला. जिथे ५० आंदोलनांची, त्या आपल्यासारख्या देशांत ७७.९२ वर. गाणे किती वेगाने वाजावे हे वीजघर ठरवू लागले! त्याआधीच्या तबकड्या तर कुणी ७२ ला कोरलेल्या, कुणी ८० ला. ७२ ला कोरलेली तबकडी ७८ ला वाजवली की गायक आपोआप जवळजवळ दीड पट्टी वर चढतो. पूर्वीचे गवई काय वरच्या पट्टीत गात असत, असे आपण कौतुकाने म्हणतो, त्यात काही वाटा या मोटरचा असायचा संभव आहे. माझा एक वृद्ध स्नेही या विषयावर तासभर भांडू शकत असे.

तुम्ही म्हणाल, तबकड्यांचे हे पुराण आमच्या कॉम्प्युटरला काय कामाचे? तर तोच दोष नव्या वेषात तुमच्या टेबलावर बसलेला आहे. कॉम्प्युटर आवाज कोरीत नाही, मोजतो. सेकंदाला हजारो वेळा आवाजाची उंची मोजून आकडे लिहून ठेवतो. किती वेळा मोजायचे याचे दोन प्रघात आहेत, ४४,१०० आणि ४८,०००. एक कार्यक्रम ४४,१०० ने मोजतो आणि दुसरा ते आकडे ४८,००० चे समजून वाजवतो, असे झाले की गाणे बरोबर त्या जुन्या तबकडीसारखे जवळजवळ दीड पट्टी चढते. काळी चारचे गाणे पांढरी सहा ओलांडून काळी पाचच्या दाराशी जाते आणि तीन मिनिटांची चीज पंधरा सेकंद आधी संपते. उलट झाले तर आजींचा आवाज आजोबांसारखा ऐकू येतो. लोक घाबरून सगळे पुन्हा मुद्रित करतात. त्याची गरज नाही. आकडे शाबूत आहेत, फक्त वाचणाऱ्याने चुकीची गती धरली आहे. ध्वनिमुद्रणाचा कार्यक्रम, कॉम्प्युटरची आवाजाची व्यवस्था आणि माइकची पेटी, या तिन्ही ठिकाणी एकच आकडा लिहा म्हणजे झाले.

आणि हा ४४,१०० असा तऱ्हेवाईक आकडा आला कुठून, ठाऊक आहे? सीडी १९८२ साली बाजारात आली. त्याआधीच्या वर्षांत आवाजाचे आकडे साठवायला पुरेशी जागा होती ती फक्त दूरदर्शनच्या चित्रफितीवर. चित्राच्या प्रत्येक ओळीत तीन आकडे बसवायचे, अशा २९४ ओळी, आणि अशी चित्रे सेकंदाला ५०. तीन गुणिले २९४ गुणिले ५० करून पाहा. दूरदर्शनची चित्रे सेकंदाला ५० का? तर मुळात विजेच्या आंदोलनांशी जुळावीत म्हणून. अमेरिकेत हाच हिशेब २४५ ओळी आणि ६० चित्रे असा जुळवला, उत्तर तेच. तेव्हा वीज बंद करून, बॅटरीवर, रानात बसून तुम्ही ४४,१०० ने गाणे मुद्रित केलेत, तरी त्या आकड्याच्या पोटात वीजघर आहेच!

आता आजींच्या ओव्यांतल्या गुणगुणीकडे वळू. तिचा माग काढायची रीत एकच: आवाज ज्या वाटेने येतो ती वाट एका टोकापासून धरायची आणि एका वेळी एकच वस्तू बदलायची. एकदम चार गोष्टी बदलल्या आणि गुणगुण गेली, तर कशाने गेली हे कळत नाही. आणि ती चार दिवसांनी परत येते तेव्हा तुम्ही पुन्हा पहिल्या पायरीवर असता.

लॅपटॉप असेल तर सर्वांत आधी त्याचा चार्जर भिंतीतून काढा. बॅटरीवर गुणगुण नाहीशी झाली तर चोर सापडला. पुष्कळ चार्जर दोन पिनांचे असतात, त्यांना जमिनीचा रस्ताच नसतो. पावसाळ्यात शिळफाट्याच्या दमट हवेत अशा लॅपटॉपच्या धातूवरून हात फिरवला की बोटांना मुंग्या आल्यासारखे होते. तुम्ही हात लावताच गुणगुण कमी होत असेल तर अर्थिंग नाही असे समजावे. त्या वेळी अर्थिंगचे काम तुमचे शरीर करीत असते. मग तारतंत्री बोलावून घराचे अर्थिंग तपासून घ्या आणि तोवर ओव्या बॅटरीवरच घ्या.

मेजावरचा मोठा कॉम्प्युटर असेल तर प्रकरण वेगळे. त्याची वायर तीन पिनांची, स्पीकरची तीन पिनांची, ध्वनिमिश्रणाच्या पेटीची तीन पिनांची. एक या भिंतीत, एक त्या भिंतीत. दोन्हींचे अर्थिंग जमिनीत जाते आणि शिवाय आवाजाच्या वायरीतूनही दोघे जोडलेले. असे एक मोठे वेटोळे तयार होते आणि त्यात भिंतीतली वीज आपला सूर भरते. उपाय सोपा आहे: तिन्ही वस्तू एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्या, म्हणजे वेटोळे लहान होते. एवढ्याने गेले नाही तर आवाजाच्या वायरीत बसवायचा लहानसा विलग करणारा ट्रान्सफॉर्मर मिळतो, तो लावा. पण इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. काही ठिकाणी मंडळी अर्थिंगची जाड पिन मोडून टाकतात किंवा तिची वायर आतून काढतात. गुणगुण जाते हे खरे. पण त्यानंतर यंत्रात काही बिघाड होऊन वीज बाहेरच्या पत्र्यावर आली तर ती गाणाऱ्याच्या हातातल्या माइकमधून जाईल. ती तिसरी पिन माणसाच्या जिवासाठी आहे, तिला हात लावू नका.

बॅटरीवरही गुणगुण राहिली तर आवाज माइकच्या वायरीतून शिरतो आहे. ती वायर विजेच्या वायरीशेजारून, तिच्याशी फुगडी घातल्यासारखी गेलेली आहे का ते पाहा. तिला दूर न्या. अडवी न्यावीच लागली तर काटकोनात न्या. पंखा बंद करा. पंख्याच्या पात्यांचा वारा माइकला लागतोच, शिवाय चकतीचे जे हल्लीचे रेग्युलेटर आहेत ते वीज तुकड्यातुकड्यांनी तोडून पंख्याची गती कमी करतात. त्या तोडकामाचा कर्कश 'झर्रर्र' माइकच्या वायरीत उतरतो. पंखा पूर्ण गतीवर ठेवल्यावर झर्रर्र थांबले तर तो रेग्युलेटरच. फ्रीज अधूनमधून सुरू होतो म्हणून तो तेवढा वेळ बंद ठेवा. पण नंतर चालू करायला विसरू नये म्हणून घराची किल्ली फ्रीजमध्ये ठेवावी, ही युक्ती मला एका ध्वनिमुद्रकाने सांगितली.

घाटाच्या पायथ्याच्या गावांत पावसाळ्यात वीज जाते आणि इन्व्हर्टर सुरू होतो. साध्या, स्वस्त इन्व्हर्टरची वीज वीजघराच्या विजेसारखी गोलाईची नसते, चौकोनी पायऱ्यांची असते, आणि त्या पायऱ्यांच्या कोपऱ्यांतून शेकडो वरचे सूर निघतात. अशा वेळी ध्वनिमुद्रण थांबवा आणि आजींना चहा द्या. मोबाइलही दुसऱ्या खोलीत ठेवा. जुन्या पद्धतीचा मोबाइल फोन येण्याआधी माइकमध्ये 'डिग-डिग, डिग-डिग' करतो, तो पुष्कळांनी ऐकलेला असेल.

गुणगुणीव्यतिरिक्त आणखी दोन तक्रारी घराघरांतून येतात. त्या थोडक्यात सांगतो. पहिली, ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तशी 'चट् चट्'. कॉम्प्युटर आकडे ओंजळी-ओंजळीने उचलतो. ओंजळ फार लहान ठेवली आणि त्याला दुसरीही कामे असली तर एखादी ओंजळ सांडते, तो चट् आवाज. ओंजळ मोठी करा, दुसरे कार्यक्रम बंद करा. दुसरी तक्रार बरोबर उलटी: गाणाऱ्याला हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येतो आणि ताल सुटतो. ओंजळ १,०२४ आकड्यांची असेल आणि मोजणी ४८,००० ची, तर आत येताना २१ आणि बाहेर जाताना २१ सहस्रांश सेकंद जातात. तेवढ्या वेळात हवेतला आवाज पंधरा मीटर जातो. म्हणजे तुमचा तबलजी पंधरा मीटर लांब बसल्यासारखा झाला! घाटात हाक मारली की प्रतिध्वनी ज्या कारणाने मागाहून येतो तेच कारण इथे आहे, फक्त अंतर लहान. म्हणून गाताना ओंजळ लहान, १२८ ची; आणि गाणे झाल्यावर काटछाट करताना मोठी. आणि हो, गाताना स्पीकर बंद ठेवून हेडफोनच वापरा, नाहीतर स्पीकरचा आवाज पुन्हा माइकमध्ये जाऊन शिट्टी वाजते. आधीच गावाच्या नावात शीळ आहे, आणखी नको.

एवढे सगळे केले, गुणगुण निम्म्याहून अधिक गेली, थोडी राहिली. आता तुम्ही कॉम्प्युटरला सांगता की बाबा, हा उरलेला आवाज पुसून टाक. तसे कार्यक्रम आहेत. 'ऑडॅसिटी' नावाचा कार्यक्रम २००० सालापासून फुकट मिळतो. नुसत्या गुणगुणीचा एक तुकडा त्याला दाखवायचा, मग तो तसला आवाज सगळीकडून वजा करतो. पण इथे तुमच्यातल्या रसिकाने जागे राहायला हवे. कारण गोंगाट कोणता आणि गाणे कोणते हे यंत्राला कळत नाही. त्याची समजूत अशी, की जो आवाज सारखा चालू राहतो तो गोंगाट.

याचा अनुभव २०२० साली देशोदेशींच्या मराठी घरांना आला. टाळेबंदीत गाण्याचे वर्ग कॉम्प्युटरवर भरू लागले. गुरुजी पुण्यात, शिष्या न्यू जर्सीत. गुरुजी तंबोरा लावून बसले आणि शिष्येला तंबोरा ऐकूच येईना. गुरुजींनी आलाप लांबवला की तोही मध्येच विरून जाई. संभाषणासाठी बनवलेल्या त्या यंत्रणेने पंख्याची घरघर काढावी तसा तंबोरा काढून टाकला होता, आणि लांब ठेवलेला षड्जसुद्धा तिला संशयास्पद वाटत होता! 'झूम'मध्ये मूळ आवाज जसाच्या तसा पाठवायची एक कळ आहे, ती सापडल्यावर वर्ग मार्गी लागले. तुमच्या कॉम्प्युटरच्या आवाजाच्या व्यवस्थेतही अशा 'सुधारणा' मुळातच चालू ठेवलेल्या असतात. ध्वनिमुद्रणाआधी त्या एकेक करून बंद करा. तंबोऱ्याच्या घोडीवर दोरा सरकवून जवारी काढतात ती मुद्दाम, तारेने गुंजारव करावा म्हणून. यंत्र त्या गुंजारवालाही गोंगाटच म्हणेल.

जात्याचेही तेच. आणि आता मुळशीचे नाव पुन्हा निघते. हेमा राइरकर आणि गी पोइटवँ हे पुण्यातले अभ्यासक मुळशी-मावळच्या डोंगरांतल्या गरीब बायांबरोबर काम करीत होते. त्या बायांच्या ओव्या त्यांनी लिहून घ्यायला सुरुवात केली, आणि ते काम वाढत वाढत महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांपर्यंत गेले. एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. १९९० नंतरच्या दशकात बर्नार बेल हे त्यांना येऊन मिळाले. ते कॉम्प्युटर आणि संगीत या दोन्ही विषयांतले जाणकार. मग ओव्यांचे ध्वनिमुद्रण झाले आणि त्या कॉम्प्युटरवर विषयवार लावल्या गेल्या. २०१७ पासून 'पारी' या संस्थेने त्या लोकांपुढे आणल्या आहेत आणि आता कुणालाही ऐकता येतात. हे ध्वनिमुद्रण बंद, गादी लावलेल्या खोलीत झालेले नाही. ते गावात, घरात झालेले आहे, आणि ऐकताना ते घर कळते.

ओवी जात्यावर म्हणतात तेव्हा जात्याची घरघर हा तिचा ताल असतो. हात थकला की घरघर मंदावते आणि ओळ लांबते. तुमच्या आजींनी जाते ओढीत ओवी म्हटली आणि तुम्ही यंत्राला 'घरघर काढ' म्हणून सांगितलेत, तर ते आज्ञाधारकपणे जाते काढून टाकील. मग उरेल ती एका म्हाताऱ्या बाईने अधांतरी म्हटलेली ओळ, ती कुठे का लांबली हे कळणार नाही अशी. मी तर म्हणेन, १०० आंदोलनांची बारीकशी गुणगुण राहिली तरी चालेल, पण जाते राहू द्या. आणि काही पुसायचेच असेल तर प्रतीवर पुसा; मूळ मुद्रण वेगळ्या जागी, न शिवता ठेवा. पुसण्याची यंत्रे दर दहा वर्षांनी अधिक शहाणी होतात, पण पुसून टाकलेले त्यांना परत आणता येत नाही.

तर आता दुसऱ्या दुपारी आजींना पुन्हा बसवा. चार्जर काढलेला, पंखा बंद, फ्रीज बंद, किल्ली फ्रीजमध्ये, मोबाइल माजघरात. पत्र्याचे छप्पर असेल तर पावसाची सर ओसरू द्या. माइक आजींच्या तोंडापासून वीतभर लांब आणि जरा बाजूला, म्हणजे श्वासाचा फुत्कार त्यात जाणार नाही. जाते ओढणार असतील तर माइक जमिनीवर टेकवू नका, हादरे येतात. उशीवर किंवा स्टँडवर ठेवा. ओवीच्या आधी अर्धा मिनिट कुणीही न बोलता नुसती खोली मुद्रित करा. उरलीसुरली गुणगुण ओळखायला पुढे तोच तुकडा उपयोगी पडतो.

गौहरजान आणि तिच्या काळचे गवई तबकडीच्या शेवटी स्वतःचे नाव मोठ्याने सांगत. तो मिरवण्याचा प्रकार नव्हता. तबकड्या छापायला जर्मनीत हानोव्हरला जात आणि तिथल्या कामगारांना कोणते गाणे कुणाचे हे कळायला दुसरा मार्ग नव्हता. ओव्या संपल्या की मुद्रण लगेच थांबवू नका. आजींना त्यांचे नाव विचारा, माहेरचे गाव विचारा, ओवी कुणाकडून शिकल्या ते विचारा. त्या लाजतील, "अगं बाई, हे पण घालायचं का त्यात?" म्हणतील. तेही मुद्रित होऊ द्या.